पिवळे तळहात

जाग आली तेव्हा ऊन उंबरा ओलांडून आत आलं होतं आणि माझे दोन्ही तळहात पिवळेजर्द झाले होते.

आधी वाटलं, कावीळ झाली. ज्या वेगाने मी पीत होतो त्या वेगाने ती एक ना एक दिवस व्हायचीच होती. मग हात नाकाशी नेला तर हळदीचा वास आला. कपाळाला हात लावला तर तिथूनही पिवळी भुकटी सुटून उशीवर पडली. अंगात कालचाच खाकी शर्ट होता आणि त्याच्या वरच्या खिशात काहीतरी टोचत होतं. काढून पाहिलं तर बेलाचं त्रिदळ, देठासकट, चुरगळलेलं.

मी तसाच पडून राहिलो आणि आदला दिवस आठवायला लागलो.

चंपाषष्ठी होती, इतकं पक्कं होतं. आमच्या गावाच्या डोक्यावर खंडोबाची टेकडी आहे, एकशे अठ्ठ्याहत्तर पायऱ्यांची. चंपाषष्ठीला तिथे जत्रा भरते. मी वीज मंडळात वायरमन होतो, त्यामुळे सगळ्या गावाला सुट्टी तेव्हा मला ड्यूटी. सकाळी अंघोळ केली, कौसल्येने नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि रोडगे केले, ते आठवत होतं. टेकडीच्या पायथ्याला डीपीजवळ, म्हणजे विजेच्या पेटीजवळ, शब्बीर सायकल टेकवून उभा होता, तेही आठवत होतं. शब्बीर मुलाणी माझा जोडीदार. दहा वर्षं आम्ही एकाच शिडीने खांब चढलो. त्याला म्हणालो, जरा घसा ओला करून येतो, आणि रसवंतीच्या मागे गेलो. पहिला ग्लास आठवला. दुसरा आठवला. तिसऱ्याबरोबर दारू विकणाऱ्या माणसाने कागदावर फुटाणे दिले होते, त्यातले दोन खाली पडले. ते पडलेले फुटाणेसुद्धा आठवले.

पुढे काही नाही.

हे काय असतं ते न पिणाऱ्याला सांगून कळत नाही. लोकांना वाटतं, चष्मा कुठे ठेवला ते विसरावं तसं पिणारा विसरतो. पण विसरलेली वस्तू घरात कुठेतरी असते, शोधली की सापडते. इथे ती मुळात ठेवलेलीच नसते. त्या तासांत मी चालायचो, बोलायचो, पैज लावायचो, सायकल मारत घरी यायचो. बघणाऱ्याला वाटायचं, गडी शुद्धीत आहे. फक्त आत टिपून घेणारं कोणी नसायचं. दोन वर्षांपासून असं चाललं होतं, आणि आठवड्यातून एकदाचं आता तीनदा झालं होतं.

मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यासाठी माझी एक पद्धत होती. सकाळी कोणी काही विचारलं की आधी हसायचं, मग म्हणायचं, "हाय की ध्यानात!" आणि गप्प बसायचं. समोरचा आपणहून सगळं सांगतो. त्याच्या सांगण्यातून तुकडे उचलायचे आणि आपल्याला ठाऊक होतंच अशा थाटात मान हलवायची. या विद्येत मी इतका तरबेज झालो होतो की साहेबालासुद्धा गुंडाळलं होतं. दारू पितो म्हणवून घ्यायला मला लाज नव्हती, पण आठवत नाही हे मी मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

कौसल्या आत आली. हातात पाण्याचा तांब्या होता. तो खाली ठेवून ती भिंतीशी उभी राहिली. एरवी अशा सकाळी ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्या दिवशी एकटक बघत होती.

"उठलासा?"

"हूं."

"काल जे केलंसा ते ध्यानात हाय न्हवं?"

मी हसलो. "हाय की."

"समदं?"

"आता समदं म्हंजे... हाय."

तिने तांब्या माझ्याकडे सरकवला. "मग बरं झालं. मला वाटलं, इसरून जाताय का काय. देवाच्या म्होरं बेलभंडारा उचललाय तुमी. म्हनलासा, आजपास्नं दारूचा थेंब घेतला तर खंडोबा बघून घील."

मी हातांकडे पाहिलं.

आमच्याकडे बेलभंडारा उचलणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोर्टातली शपथ माणूस घेतो आणि बाहेर येऊन चहा पितो. बेलभंडाऱ्याचं तसं नाही. देवापुढचा बेल आणि भंडारा, म्हणजे हळद, ओंजळीत घेऊन बोललेला शब्द आमच्या भागात कोणी मोडत नाही. बांधाच्या भांडणात सख्खे भाऊ बेलभंडाऱ्याचं नाव निघालं की माघार घेतात. माझ्या चुलत्याने खोटा उचलला होता आणि वर्षात त्याची वाचा गेली, असं घरात सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण ते ऐकतच मी वाढलो होतो.

आणि तो मी उचलला होता, आणि मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

"कवा..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"कवा म्हंजे?"

"न्हाय, कवा उतरलो आपन खाली, ते इचारत हुतो."

"चार वाजलं असत्याल," ती म्हणाली आणि वळून चुलीकडे गेली.

त्या क्षणी मी म्हणालो असतो, अगं, मला काहीच आठवत नाही, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण आयुष्यभराची खोड आडवी आली.

परसात हात धुवायला गेलो. साबण लावला, राखेने घासले, पिवळेपणा हटेना. मी बघत राहिलो आणि अंगावर सरसरून काटा आला. मी नव्हतो तिथे, आणि तरी कोणीतरी माझ्या अंगातून उठून त्या एकशे अठ्ठ्याहत्तर पायऱ्या चढून गेलं होतं. तर्र झालेला, पायावर उभा राहता न येणारा हा निवृत्ती खैरे, त्याच्या आत एक दुसरा निवृत्ती होता, आणि त्याने मला न विचारता देवाला शब्द दिला होता. मला त्या माणसाची भीती वाटली. भीतीपेक्षाही, मी त्याच्यापुढे अगदी दबून गेलो. इतका चांगला माणूस माझ्यात आहे हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ऑफिसात शब्बीर भेटला. मी नेहमीसारखी सुरुवात केली, "काय शब्बीरभाई, काल मजा आली का न्हाय?"

तो हसला नाही. माझा हात धरून उलटा केला, तळहात पाहिला, बराच वेळ पाहिला.

"निवृत्तीभाऊ, ही हळद कसली?"

"बेलभंडारा उचलला काल. तुला ठाव न्हाय?"

शब्बीरने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं हे मला दिसत होतं. मग त्याने माझा हात सोडला.

"असं व्हय," तो म्हणाला. "मग मला कायबी बोलायचं न्हाय. एवढं पाळा."

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. हातपाय लटलट कापायचे, अंगाला घाम सुटायचा, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायच्या. कौसल्येने मला तिसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चार दिवस तिथेच ठेवून घेतलं, सलाइन लावलं, गोळ्या दिल्या, आणि असं अचानक सोडताना माणूस दगावतोही, आलात ते बरं केलंत, असं तिलाच ऐकवलं. मी त्यातून उठलो. पण खरी परीक्षा महिन्याने झाली. रसवंतीच्या मागून जात होतो आणि तो वास आला. पाय आपोआप वळले. ग्लास हातात घेतला. हळद केव्हाच गेली होती, पण ग्लासाभोवतीची बोटं बघितली आणि वाटलं, ही बोटं माझी एकट्याची नाहीत. ज्याने ओंजळ भरली त्याचीही आहेत. त्याने एवढं केलं, आणि मी त्याला खोट्यात पाडू? ग्लास तसाच ठेवून आलो. त्यानंतर कोणी आग्रह केला की म्हणायचो, "बेलभंडारा उचललाय." लोक लगेच हात मागे घ्यायचे.

त्या दिवसाविषयी मात्र मी कधी कोणाशी खोलात बोललो नाही. टेकडीवर जायचो, पाया पडायचो, गुरवाने दोन शब्द बोलायला तोंड उघडलं की घाईने खाली उतरायचो. न जाणो, त्याने विचारलं, काय रे, तेव्हा काय म्हणाला होतास? आणि मला सांगता आलं नाही तर?

अशी चौदा वर्षं गेली. पोरीचं लग्न झालं, ती बारामतीला गेली. शब्बीरची बदली झाली, मग तो निवृत्त झाला. मी वायरमनचा मुख्य लाइनमन झालो. आणि या चौदा वर्षांत कौसल्येने पायात चप्पल घातली नाही.

त्या चंपाषष्ठीपासूनच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारातली तिची चप्पल दिसेना म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "नवस हाय." मला वाटलं, नवरा सुटला दारूतून म्हणून बाई नवस फेडते आहे. मनातून सुखावलोच म्हणा ना. वैशाखात डांबर वितळायचं तेव्हा ती कडेच्या मातीतून चालायची. बाभळीचे काटे दिव्यावर सुई धरून मीच काढायचो. "किती दिवसांचा नवस गं?" असं विचारलं की म्हणायची, "देव सांगंल तवर." तिचे पाय वाजायचे नाहीत. कधी मागे येऊन उभी राहायची, कळायचं नाही.

मग तिला साखर निघाली. निघाली तेव्हा बरीच जुनी होती. पायाला मुंग्या येतात म्हणायची, पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या. एक दिवस ती अंगणभर फिरली आणि मागे फरशीवर रक्ताचे ठिपके उमटत गेले. तळव्यात काचेचा तुकडा होता आणि तिला पत्ता नव्हता. ती जखम चिघळली. साताऱ्याला नेलं. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक काळी, जाड आणि मऊ तळव्याची चप्पल टेबलावर ठेवली.

"मावशी, आता ही घातल्याशिवाय जमिनीला पाय लावायचा नाही. घरातसुद्धा. कळलं का?"

कौसल्येने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही. पाऊल जाईल. इथपासून," बाईंनी स्वतःच्या घोट्याखाली बोट ओढून दाखवलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या घरी आणखी कोण आहे? तुम्हीच ना? मग जबाबदारी तुमची."

घरी आलो. रिक्षातून उतरताना चप्पल पुढे केली तर तिने ती बाजूला सारली आणि बँडेजचा पाय तसाच मातीत ठेवला. दुसऱ्या दिवशी चप्पल फळीवर, पितळी डब्यांच्या शेजारी ठेवलेली दिसली. मी काढून खाली ठेवली. संध्याकाळी पुन्हा फळीवर. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"पाय तोडून घ्यायचाय का तुला?"

"नवस हाय माझा."

"कसला नवस? चौदा वर्सं झाली. देव काय सावकार हाय?"

"तुमाला न्हाय कळायचं."

"मला न्हाय कळत, पर गुरवाला कळंल. त्यो काढून दील तोडगा. चपलेच्या बदली काय बी घालू देवाला. उठ, रिक्षा आनतो. चल तात्या गुरवाकडं आत्ताच्या आत्ता."

मी टोपी घातली. मागून तिचा आवाज आला, आणि असा आवाज मी त्या दिवसापर्यंत तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"आवो, नगा जाऊ. गुरवाकडं नगा जाऊ."

"का?"

"त्यो सांगंल तुमाला."

"काय सांगंल?"

ती खाली बसली. भिंतीला पाठ टेकून, दुखरा पाय लांब करून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी बेलभंडारा उचललाच न्हाय."

मला वाटलं, जखमेच्या तापात बडबडते आहे.

"त्या दिवशी तुमी टेकडी चढलाच न्हाय. चार वाजता शब्बीरभावजींनी तुमाला टेंपोत घालून घरी आनलं. म्हनलं, वहिनी, आज मी मेलो असतो."

मग तिने सांगितलं. जत्रेच्या गर्दीत पायथ्याच्या खांबावर तार सुटली होती. डीपीचा स्विच पाडून लाइन बंद करायचं काम माझं, खांबावर चढायचं शब्बीरचं. शब्बीरने ओरडून विचारलं, बंद केली का? मी म्हणालो, केली, चढ. आमच्या कामात एक नियम असतो. जोडीदार काहीही सांगो, चढण्याआधी खालूनच तारांवर लोखंडी साखळी फेकायची. लाइन चालू असली तर तिथेच जाळ होतो, पण माणूस जमिनीवर असतो. आम्ही दोघं दहा वर्षांत कितीदा तरी साखळी न टाकता चढलो होतो, एकमेकांच्या शब्दावर. त्या दिवशी का कोण जाणे, शब्बीरने साखळी फेकली. केवढा तरी जाळ झाला. लोक पळाले. आणि मी डीपीच्या कट्ट्यावर बसून हसत होतो.

"तक्रार करनार म्हनत हुतं. करायलाच पायजे हुती. मी पाय धरलं त्यांचं. म्हनलं, एक दिवस द्या मला. त्यांनी दिला."

"मग?"

"मग काय! तुमी पडला हुतासा कुंभकर्नावानी. मी टेकडीवर गेले. देवाच्या म्होरचा भंडारा पदरात बांधला, बेल उचलला. म्हनलं, देवा, ह्यो मानूस तुझ्याबिगर कुनाला भीत न्हाय. आज मी तुझ्या नावानं खोटं बोलनार हाय. कोपायचं तर माझ्यावर कोप, ह्यांच्यावर नगं. जवर ह्यांनी खराखुरा उचलला न्हाय, तवर पायात काय घालनार न्हाय. आन् देवळाच्या दारात चपला काढल्या हुत्या, त्या तितंच सोडून आले. घरी येऊन तुमच्या हाताला भंडारा चोळला. कपाळाला लावला. एवढा चोळला, पर तुमी कूस सुदीक बदलली न्हाय."

मी उभाच होतो. खोटं कशाला सांगू? पहिल्यांदा मला राग आला नाही, की तिचे उपकारही आठवले नाहीत. पहिल्यांदा रसवंतीमागचा तो वास आला. चौदा वर्षांनी, इतका ताजा, की तोंडाला पाणी सुटलं. म्हणजे शपथ नव्हतीच. म्हणजे मी मोकळा. हा विचार माझ्या डोक्यातून सळसळत गेला आणि माझी मलाच एवढी किळस आली की मी दाराची चौकट धरली.

तिने तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं होतं. तिला ते कळलं होतं.

"ह्यासाठनंच सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

"पर मी सोडली की दारू! चौदा वर्सं! मग तुझं खोटं कुठं ऱ्हायलं?"

"सोडली ती खरी. पर उचलला न्हाय. मी देवाला म्हनले हुते, उचलंस्तवर. आन् उचला म्हनून तुमाला सांगू कशी? सांगितलं तर तुमाला कळनार, आदी उचललाच न्हवता. मग तुमी..." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटायचं, एक ना एक दिवस तुमीच म्हनाल, कौसल्या, मला त्यातलं कायच आठवत न्हाय. मग मी सांगितलं असतं. पर दरसाली चंपाषष्ठीला इचारलं की तुमी आपलं म्हनायचं, हाय की ध्यानात."

मी तिच्या पायाकडे पाहिलं. बँडेजमधून चार बोटं बाहेर होती. टाचेच्या भेगांमध्ये चौदा वर्षांची माती बसली होती, कितीही धुतली तरी न जाणारी.

मी ज्याच्यापुढे दबून होतो तो दुसरा निवृत्ती कधी नव्हताच. तेव्हा पायऱ्या चढून गेलेली ही होती. देवाचा कोप माझ्या जागी अंगावर घेऊन ही रोज माझ्यासमोर अनवाणी वावरत होती, आणि मी तिचे काटे काढताना स्वतःवर खूष होत होतो. माणूस देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली करतो, तसा माझा आवाज खाली आला.

"कौसल्या," मी म्हणालो, "मला त्यातलं कायच आठवत न्हाय. त्या दिवसाचं न्हाय, आन् त्याच्या आदल्या कितीतरी दिसांचं न्हाय."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पयल्यापास्नं ठाव हाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तिला रिक्षाने टेकडीच्या पायथ्याशी नेलं. डॉक्टरीणबाईंची चप्पल पिशवीत घेतली होती. पहिल्या पायरीवर तिला बसवलं, पिशवी तिच्या शेजारी ठेवली आणि मी एकटा चढलो. वय बावन्न, गुडघे कुरकुरत होते. मी प्रत्येक पायरी मोजली. नव्वदाव्या पायरीला एक दगड निखळलेला होता. एकशे चाळिसाव्याला बाभळीची सावली होती आणि तिथे एक शेळी बसली होती. मी काहीही सोडायचं नाही असं ठरवलं होतं.

तात्या गुरव आता ऐंशीच्या घरात होता. दारातच बसला होता.

"तात्या, बेलभंडारा उचलायचाय."

त्याने डोळ्यांवर हात धरून मला ओळखलं. "कशासाठी?"

"दारूसाठी."

गावभर मीच सांगत फिरलो होतो, उचललाय म्हणून. म्हातारा आता विचारेल, मग चौदा वर्षं काय करत होतास? मी तयारीने उभा होतो. तो सावकाश उठला, गुडघ्यावर हात देऊन.

"लोक मला इचारायचं," तो म्हणाला. "तात्या, निवृत्तीनं खरंच उचलला का? मी म्हनायचो, देवाला इचारा. त्या दिशी तुझी बायकू भंडारा घिऊन अनवानी उतरताना मी बगितली हुती. चपला तितंच ऱ्हायल्या म्हनून हाळी बी दिली. वळली न्हाय." त्याने आतून तांब्याचं ताट आणलं. "धर वंजळ."

ओंजळ धरली. हळद थंड असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बेलाचं पान तिच्यावर ठेवलं. हळद बोटांतून गळत होती. शुद्धीत, उपाशीपोटी, भर सकाळी, मी घाबरलो होतो. खांबावर चालू तारेजवळ कधी एवढा घाबरलो नव्हतो. चौदा वर्षं जी गोष्ट पाळली ती बोलायला मला घाम फुटला, कारण आता बोलणारा मी होतो आणि ऐकणाराही मी होतो. तरी बोललो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. तात्या म्हणाला, "मोठ्यानं. देवाला ऐकू येतंय, तुला येऊ दे." मग मोठ्याने बोललो.

खाली आलो तेव्हा ती जशी बसवली तशीच बसली होती. मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिने ते हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, नखांच्या कडेला बोट फिरवून पाहिलं, आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"ह्या वक्ताची हळद मी चोळलेली न्हाय," ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. मग वर पाहिलं. "काय काय केलंसा, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"समदं?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सांगायला लागलो. निखळलेला दगड सांगितला, शेळी सांगितली, तात्याने कसा गुडघ्यावर हात दिला ते सांगितलं, त्याची हाळी सांगितली. हळद किती थंड होती, बेलाच्या पानाला एक भोक होतं, माझा आवाज पहिल्यांदा कसा फुटला नाही आणि मग मी कोणत्या शब्दांत काय बोललो, तेही जसंच्या तसं. ती एकेक गोष्टीला मान हलवत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने शेजारची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पाय पुढे केला.